विकरांतील विविधता आणि प्राण्यांच्या जातींची ओळख : एका पद्धतीचे सामर्थ्य व मर्यादा

प्रास्ताविक :

प्राण्यांचे वर्गीकरण हे जीवशास्त्राच्या सर्वांत जुन्या कामांपैकी एक होय. कार्ल लिनियस यांच्या ‘सिस्टिमा नेचुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ मध्ये प्रसिद्ध झाली आणि प्राण्यांच्या शास्त्रीय द्विनामांचा प्रारंभ तेथून मानला जातो. त्यानंतरची सुमारे दोन शतके वर्गीकरणाचा आधार प्रामुख्याने बाह्य स्वरूप हाच राहिला. रंग, आकार, दातांची मांडणी, माशांच्या खवल्यांची संख्या, कीटकांच्या पंखांवरील शिरा अशा लक्षणांवरून जाती ठरविल्या गेल्या. (या लेखात ‘जाती’ हा शब्द केवळ जीवशास्त्रीय अर्थाने वापरला आहे.)

अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये जातीची जी संकल्पना मांडली, तिने या प्रश्नाचे स्वरूप बदलले. त्यांच्या मते परस्परांत प्रजनन करणारे आणि इतर समूहांपासून प्रजननदृष्ट्या अलग असलेले जीवसमूह म्हणजे जाती. ही संकल्पना तर्कशुद्ध असली तरी तिच्यामुळे एक व्यावहारिक अडचण निर्माण झाली. व्याख्या प्रजननाविषयी बोलते, तर वर्गीकरणतज्ज्ञाच्या हाती येतो तो मृत नमुना. नदीतील दोन मासे एकमेकांशी संकर करतात किंवा नाही, हे बरणीतील नमुन्यांकडे पाहून कसे सांगणार? व्याख्या आणि उपलब्ध पुरावा यांच्यामधील ही दरी भरून काढण्याचे एक साधन १९६० च्या दशकात उपलब्ध झाले. ते साधन म्हणजे विकरांतील, अर्थात एंझाइमांतील, आनुवंशिक विविधतेचा अभ्यास.

प्रस्तुत लेखात या पद्धतीचे तत्त्व व तंत्र, तिच्यामुळे जातींच्या ओळखीत झालेले बदल, तिच्या मर्यादा आणि डीएनए-वाचनाच्या आजच्या काळात तिचे स्थान यांचा विचार केला आहे. या पद्धतीने दिलेला ‘वेगळे आहेत’ हा निर्वाळा आणि ‘वेगळे आढळले नाहीत’ हा निर्वाळा यांचे वजन सारखे नसते, हा या विवेचनाचा मुख्य मुद्दा आहे. हा भेद लक्षात न घेतल्यास साधनाचा गैरवापर होतो आणि त्याची किंमत सार्वजनिक आरोग्य व वन्यजीव संवर्धन या क्षेत्रांत मोजावी लागते.

१. विकर आणि जनुक यांचा संबंध :

विकर हे बहुतांशी प्रथिने असतात आणि प्रथिनातील ॲमिनो आम्लांचा क्रम जनुक ठरविते. जनुकात उत्परिवर्तन झाले आणि त्यामुळे एखादे ॲमिनो आम्ल बदलले, तर त्या प्रथिनाच्या रेणूवरील विद्युतभार बदलू शकतो. विकराचे कार्य पूर्ववत चालू राहते, परंतु विद्युतक्षेत्रात त्याची गती निराळी होते. एकाच जनुकस्थानावरील निरनिराळ्या पर्यायी जनुकांमुळे निर्माण होणाऱ्या अशा विकररूपांना ‘ॲलोझाइम’ म्हणतात. ‘आयसोझाइम’ ही संज्ञा अधिक व्यापक असून क्लेमंट मार्कर्ट व फ्रेडी मोलर यांनी ती १९५९ मध्ये रूढ केली. एकच रासायनिक कार्य करणारी, परंतु रेणुरूपाने भिन्न असणारी सर्व विकरे तिच्यात येतात, मग ती वेगवेगळ्या जनुकस्थानांवरून निर्माण झालेली असली तरी चालते.

ॲलोझाइमांचे विशेष महत्त्व असे की, त्यांच्यात माता आणि पिता या दोघांचेही जनुक एकाच वेळी व्यक्त होतात. मेंडेलच्या वाटाण्यात एक गुण दुसऱ्याला झाकून टाकतो. येथे तसे घडत नाही. दोन्ही पालकांकडून सारखेच जनुक आलेला प्राणी, म्हणजे समयुग्मजी, आणि दोन निराळे जनुक आलेला प्राणी, म्हणजे विषमयुग्मजी, यांना थेट पट्ट्यांवरून ओळखता येते. नैसर्गिक समूहातील जनुकांची मोजदाद संकर न घडविता करणे त्यामुळे शक्य झाले.

२. तंत्राचे स्वरूप :

या तंत्राच्या मुळाशी दोन शोध आहेत. ऑलिव्हर स्मिथीज यांनी १९५५ मध्ये स्टार्च जेलवर प्रथिने वेगळी करण्याची इलेक्ट्रोफोरेसिस पद्धत प्रसिद्ध केली. पुढे १९५७ मध्ये रॉबर्ट हंटर व क्लेमंट मार्कर्ट यांनी त्याच जेलवर विशिष्ट विकराला रंग देण्याची युक्ती दाखविली. या दोहोंच्या मिलाफातून आजची पद्धत सिद्ध झाली.

प्रत्यक्ष कृती पुढीलप्रमाणे असते. प्राण्याचे यकृत, स्नायू किंवा लहान कीटक असल्यास संपूर्ण शरीर थंड द्रावणात वाटून त्याचा अर्क काढला जातो. हा अर्क जेलमध्ये भरून ठरावीक काळ विद्युतप्रवाह सोडला जातो. विकर नष्ट होऊ नये यासाठी हे काम थंड वातावरणात करावे लागते. त्यानंतर जेल रंगद्रावणात ठेवतात. उदाहरणार्थ, लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे विकर शोधावयाचे असल्यास द्रावणात लॅक्टेट, एनएडी हे सहविकर आणि टेट्राझोलियम वर्गातील रंजक घातले जाते. ज्या जागी ते विकर असेल तेथेच अभिक्रिया होऊन जांभळी पट्टी उमटते. जेलवर शेकडो प्रथिने पसरलेली असली तरी हवे तेच विकर रंगते, कारण येथे विकर स्वतःच्या कार्यामुळे दिसू लागते.

पट्ट्यांची संख्या विकराच्या रचनेवर अवलंबून असते. विकर एकाच घटकाचे असेल तर विषमयुग्मजी प्राण्यात दोन पट्ट्या दिसतात. दोन घटकांचे असेल तर तीन, आणि चार घटकांचे असेल तर सामान्यतः पाच. हा आराखडा माहीत नसल्यास पाच पट्ट्या म्हणजे पाच जनुके, असा चुकीचा अर्थ लावला जाण्याचा संभव असतो.

३. सन १९६६ : दृष्टिकोनातील बदल :

निसर्गातील समूहांत आनुवंशिक विविधता किती असते, याविषयी १९५० च्या दशकात दोन तट पडले होते. हर्मन मुलर यांच्या मते बहुतेक जनुकस्थाने एकसारखीच असून फरक हा अपवाद असावा. तर थिओडोसियस डोबझान्स्की यांच्या मते विविधता हीच सामान्य स्थिती असावी. या वादाचा निर्णय करील असे मोजमाप मात्र कोणापाशीही नव्हते.

रिचर्ड लेवॉन्टिन व जॉन हबी यांनी १९६६ मध्ये ‘ड्रोसोफिला स्यूडोऑब्स्क्युरा’ या फळमाशीच्या १८ जनुकस्थानांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका समूहात सरासरी सुमारे ३० टक्के जनुकस्थाने बहुरूपी आढळली आणि एका माशीत सरासरी सुमारे १२ टक्के जनुकस्थाने विषमयुग्मजी निघाली. त्याच वर्षी हॅरी हॅरिस यांनी मानवातील १० विकरे तपासली असता त्यांपैकी ३ बहुरूपी आढळली. अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक अशी ही विविधता होती. ती नैसर्गिक निवडीमुळे टिकून राहते की केवळ योगायोगाने, या प्रश्नातूनच मोटू किमुरा यांचा १९६८ मधील तटस्थ उत्क्रांतीचा सिद्धान्त पुढे आला. वर्गीकरणाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणत्याही प्राण्याच्या कोणत्याही समूहाचे आनुवंशिक वर्णन आता आकड्यांत करता येऊ लागले.

४. एकच दिसणारे, परंतु वेगळे :

गॉडफ्रे हार्डी व विल्हेल्म वाइनबर्ग यांनी १९०८ मध्ये स्वतंत्रपणे मांडलेला नियम येथे उपयोगी पडतो. समजा, एका तलावातून १०० मासे घेतले आणि एका विकराचे ‘जलद’ व ‘मंद’ असे दोन पर्यायी जनुक सारख्याच प्रमाणात आढळले. सर्व मासे परस्परांत मुक्तपणे प्रजनन करीत असतील, तर सुमारे २५ मासे केवळ जलद, ५० मासे मिश्र आणि २५ मासे केवळ मंद असावयास हवेत. प्रत्यक्षात ५० जलद, ५० मंद आणि मिश्र एकही नाही असे आढळले, तर अर्थ उघड आहे. एका तलावात राहणारे हे मासे एकमेकांशी प्रजनन करीत नाहीत. मिश्र प्राण्यांची अशी तूट दोन समूह एकत्र मोजले गेल्याचे लक्षण असते, हे स्टेन वाह्लुंड यांनी १९२८ मध्येच गणिताने दाखविले होते.

हे उदाहरण काल्पनिक असले तरी त्यासारखी परिस्थिती स्वीडनमधील बुनेरशेअर्ना या पर्वतीय तलावांत खरोखर आढळली. तेथील तपकिरी ट्राउट मासे एकच समूह मानले जात होते. लॅक्टेट डिहायड्रोजिनेजच्या एका जनुकस्थानावर मात्र विषमयुग्मजी मासे जवळजवळ आढळलेच नाहीत. निल्स रिमान, फ्रेड ॲलेनडॉर्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात दाखवून दिले की तेथे प्रजननदृष्ट्या अलग असे दोन समूह एकत्र नांदत आहेत. या दोन समूहांच्या वाढीचा वेगही निराळा होता. परंतु तो फरक दोन समूहांचा आहे, हे विकरांमुळेच कळले.

आपल्या देशाच्या संदर्भात याहून महत्त्वाचे उदाहरण हिवतापाच्या डासाचे आहे. ‘ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीस’ हा भारताच्या ग्रामीण भागातील हिवतापाचा प्रमुख वाहक होय. तो एकच डास नसून बाह्यतः न ओळखता येणाऱ्या सहोदर जातींचा संच आहे, हे १९८० पासून गुणसूत्रांच्या अभ्यासातून स्पष्ट होत गेले. आज या संचात अ, ब, क, ड आणि ई अशा पाच जाती मानल्या जातात. त्यांपैकी ‘ब’ ही हिवतापाची अत्यंत दुबळी वाहक, तर उरलेल्या चार वाहक आहेत. एखाद्या गावात ‘क्युलिसिफेसीस’ डासांची संख्या मोठी असूनही हिवताप कमी का, आणि दुसऱ्या गावात डास कमी असूनही रोग अधिक का, याचे एक उत्तर या भेदात सापडते. कीटकनाशकांना दाद देण्याच्या बाबतीतही या जाती सारख्या नाहीत. त्यामुळे त्या सर्वांची एकत्र मोजणी करून आखलेली फवारणी काही ठिकाणी अनावश्यक, तर काही ठिकाणी अपुरी ठरू शकते.

गुणसूत्रांवरून या जाती ओळखण्यासाठी अंडाशय विशिष्ट अवस्थेत असलेली मादीच हवी असते. जाळ्यात सापडलेल्या बहुसंख्य डासांना ही अट लागू पडत नाही. टी. अडक, सरला सुब्बाराव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दाखविले की, लॅक्टेट डिहायड्रोजिनेजच्या ॲलोझाइमांवरून ‘अ’ व ‘ड’ यांचा गट ‘ब’ व ‘क’ यांच्या गटापासून बऱ्याच अंशी वेगळा काढता येतो. यासाठी नर, मादी किंवा कोणत्याही अवस्थेतील प्रौढ डास चालतो. मात्र ‘अ’ आणि ‘ड’ यांना परस्परांपासून वेगळे करणे या विकराला जमत नाही. एकच विकर सर्व प्रश्नांची उत्तरे देत नाही, याचे हे ठळक उदाहरण होय.

५. वेगळे दिसणारे, परंतु एकच :

बाह्य स्वरूप उलट दिशेनेही फसविते. मेक्सिकोतील क्वात्रो सिएनेगास या वाळवंटी खोऱ्यातील झऱ्यांत सिक्लिड कुलातील मासे राहतात. त्यांपैकी काहींच्या घशातील दात बारीक असतात, तर काहींचे दात गोगलगायी फोडण्याइतके जाड व बोथट असतात. आहार आणि जबड्याची रचना इतकी भिन्न असल्यामुळे त्या स्वतंत्र जाती असाव्यात, असे वाटणे स्वाभाविक होते. रिचर्ड सेज व रॉबर्ट सेलँडर यांनी १९७५ मध्ये या माशांच्या विकरांचा अभ्यास केला, तेव्हा दोन्ही रूपांत जनुकांची प्रमाणे सारखीच आढळली. ही दोन रूपे एकाच जनुकसाठ्याचा भाग असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढे १९८२ मध्ये इर्व्ह कॉर्नफील्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती रूपे एकाच जातीची असल्याचा थेट पुरावा दिला.

येथे एक बारकावा ध्यानात घेतला पाहिजे. केवळ विकरांत फरक आढळला नाही, एवढ्यावर हा निष्कर्ष पूर्णतः सिद्ध झाला नव्हता. नुकत्याच अलग झालेल्या दोन जातींतही विकरे सारखी असू शकतात. म्हणूनच दुसऱ्या, स्वतंत्र पुराव्याची गरज भासली. याउलट बुनेरशेअर्नाच्या माशांबाबत एका जनुकस्थानावरील मिश्र माशांचा अभावही अलगपणाचा संशय पक्का करण्यास पुरेसा होता.

६. विविधतेचा अभाव आणि संवर्धन :

विकरांचा अभ्यास केवळ जातींच्या सीमा दाखवीत नाही, तर समूहाचा इतिहासही सूचित करतो. स्टीफन ओब्रायन व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ५५ चित्त्यांची ४७ ॲलोझाइम जनुकस्थाने तपासली. एकाही जनुकस्थानावर विविधता आढळली नाही. भूतकाळात कधीतरी चित्त्यांची संख्या अत्यंत घटली असावी आणि उरलेल्या मोजक्या प्राण्यांपासून आजचा समूह निर्माण झाला असावा, असे अनुमान त्यावरून करण्यात आले. भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे १९५२ मध्ये जाहीर झाले होते. सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून ८ आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून १२ चित्ते मध्य प्रदेशातील कुनो येथे आणण्यात आले, ते याच दक्षिण आफ्रिकी प्रदेशातील आहेत. तथापि, चित्त्यांच्या सर्व अडचणींचे खापर आनुवंशिक दारिद्र्यावर फोडणे योग्य नाही. सेरेंगेटीतील क्षेत्राभ्यासात पिल्लांच्या मृत्यूचे प्रमुख कारण सिंहांसारखे भक्षक असल्याचे दिसून आले. विकरांच्या पट्ट्या विविधतेचा अभाव दाखवितात. त्या अभावाचे परिणाम मात्र निसर्गात जाऊनच तपासावे लागतात.

गीरच्या सिंहांचे उदाहरण दुहेरी महत्त्वाचे आहे. जुनागढच्या सक्करबाग प्राणिसंग्रहालयातील सिंहांच्या १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तपासलेल्या विकर-जनुकस्थानांवर विविधता आढळली नाही; आफ्रिकी सिंहांत मात्र ती होती. याच फरकाचा उपयोग करून ओब्रायन व सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतील प्राणिसंग्रहालयांत ‘आशियाई’ म्हणून जोपासल्या जाणाऱ्या सिंहांची वंशपरंपरा तपासली. त्या प्रजनन-कार्यक्रमाच्या पाच मूळ प्राण्यांपैकी दोन आफ्रिकी वंशाचे असल्याचे निष्पन्न झाले. शुद्ध वंश टिकविण्यासाठी खर्च झालेले श्रम त्यामुळे निरुपयोगी ठरले. नोंदवहीतील नाव आणि प्राण्याच्या शरीरातील जनुक यांत विसंगती असेल, तर संवर्धनाचा हेतू कितीही चांगला असला तरी तो साध्य होत नाही.

मे २०२५ च्या गणनेनुसार गुजरातमध्ये ८९१ सिंह आहेत. संख्या समाधानकारक असली तरी हे सर्व प्राणी एकाच लहान समूहाचे वंशज आहेत. २०१८ मध्ये गीरमध्ये अल्पावधीत वीसहून अधिक सिंह दगावले व त्यांच्यापैकी काहींत कॅनाइन डिस्टेंपर या विषाणूचा संसर्ग सिद्ध झाला. एकाच प्रदेशात एकवटलेल्या, आनुवंशिकदृष्ट्या एकसारख्या समूहाला साथीचा धोका अधिक असतो. म्हणून केवळ प्राण्यांची संख्या मोजणे पुरेसे नाही, हे यावरून ध्यानात येते.

७. पद्धतीच्या मर्यादा :

पहिली मर्यादा अशी की, इलेक्ट्रोफोरेसिसला जनुकातील फरकांचा काही भागच दिसतो. ॲमिनो आम्ल न बदलणारी उत्परिवर्तने आणि विद्युतभार न बदलणारे बहुतेक बदल जेलवर उमटत नाहीत. १९७६ मध्ये रमा सिंग, लेवॉन्टिन व फेल्टन यांनी फळमाशीतील झँथिन डिहायड्रोजिनेज या विकराची निरनिराळ्या परिस्थितीत क्रमाक्रमाने तपासणी केली, तेव्हा पूर्वी ६ वाटणारी रूपे प्रत्यक्षात ३७ असल्याचे दिसले. १९८३ मध्ये मार्टिन क्रेटमन यांनी फळमाशीतील अल्कोहोल डिहायड्रोजिनेजच्या जनुकाच्या ११ प्रतींचा डीएनए-क्रम वाचला. त्यांत ४३ ठिकाणी फरक आढळले. परंतु त्यांपैकी केवळ एकाच फरकाने ॲमिनो आम्ल बदलले होते आणि जेलवर दिसणारी ‘जलद’ व ‘मंद’ रूपे तेवढ्याच एका फरकाची होती. यावरून ‘फरक आढळला नाही’ या विधानाला किती मर्यादित अर्थ आहे, हे स्पष्ट होते.

दुसरी मर्यादा आनुवंशिक अंतराविषयी आहे. मासातोशी नेई यांनी १९७२ मध्ये दोन समूहांतील जनुकांच्या प्रमाणांवरून अंतर काढण्याचे सूत्र दिले. समूह तंतोतंत सारखे असल्यास हे अंतर शून्य येते. परंतु अमुक अंतर म्हणजे स्वतंत्र जाती, अशी सार्वत्रिक मोजपट्टी मात्र त्यातून मिळत नाही. पक्ष्यांच्या निर्विवाद भिन्न जातींत हे अंतर अत्यल्प असते, तर उभयचरांच्या जातींत ते पुष्कळ मोठे आढळते. मेरी-क्लेअर किंग व ॲलन विल्सन यांनी १९७५ मध्ये ४४ जनुकस्थानांवरून मानव व चिंपँझी यांच्यातील अंतर मोजले. ते अन्य प्राण्यांतील सहोदर जातींमधील अंतराइतकेच, ०.६२ एवढे निघाले. बाह्यरूपाची उत्क्रांती आणि विकरांची उत्क्रांती एकाच गतीने चालत नाही, असा त्याचा अर्थ होय.

तिसरी मर्यादा नैसर्गिक निवडीची. विकर हे जीवनव्यापाराचे साधन असल्याने त्याची रूपे नेहमीच तटस्थ असतात असे नाही. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरील किलिफिश माशात लॅक्टेट डिहायड्रोजिनेजचे एक रूप उत्तरेकडील थंड पाण्यात, तर दुसरे दक्षिणेकडील उबदार पाण्यात प्रबळ आहे. फळमाशीतील अल्कोहोल डिहायड्रोजिनेजच्या रूपांचे प्रमाणही अनेक खंडांत अक्षांशानुसार बदलते. अशा एकाच जनुकस्थानावरून दोन स्वतंत्र जाती ठरविल्यास तो निष्कर्ष चुकीचा ठरेल. त्यासाठी अनेक जनुकस्थाने एकाच वेळी तपासणे आवश्यक असते.

चौथी मर्यादा स्थानाची होय. एकाच तलावात अथवा गावात मिश्र प्राणी न आढळणे हा प्रजनन-अलगतेचा भक्कम पुरावा असतो. दूरच्या दोन नद्यांतील समूहांत मात्र मिश्र प्राणी असण्याची संधीच नसते. तेथे विकरांतील फरक भौगोलिक विभक्ती दाखवितो. त्यावरून जाती निराळी ठरविण्यासाठी बाह्यरूप, वर्तन व डीएनए यांचा आधार घ्यावा लागतो.

८. आजचे स्थान व महाविद्यालयीन प्रयोगशाळा :

१९९० च्या दशकापासून सूक्ष्म-उपग्रह चिन्हके, मायटोकाँड्रियाचा डीएनए आणि अलीकडे संपूर्ण जनुकसंचाचे वाचन या पद्धती प्रचलित झाल्या आहेत. केस, पीस किंवा विष्ठा यांच्या अल्प नमुन्यावरही त्यांत काम करता येते. विकरांसाठी ताजे किंवा अतिशीत अवस्थेत ठेवलेले ऊतक लागते व त्यासाठी अनेकदा प्राण्याचा जीव जातो. दुर्मीळ प्राण्यांच्या बाबतीत ही त्रुटी निर्णायक असून संशोधनाच्या आघाडीवरून विकरे मागे पडणे स्वाभाविकच आहे.

तरीही ही पद्धत कालबाह्य झाली, असे म्हणता येत नाही. लखनौ येथील राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने भारतीय माशांच्या समूहांच्या अभ्यासात ॲलोझाइम चिन्हकांचा उपयोग केला आहे. पश्चिम घाटातील ‘होराबॅग्रस ब्रॅकिसोमा’ या पिवळ्या मार्जारमीनाचे समूह ॲलोझाइम व डीएनए या दोन्ही प्रकारच्या चिन्हकांनी तपासले गेले आहेत. अशा तुलनेतून जुन्या निष्कर्षांचे मूल्यमापन करता येते. शिवाय १९६६ नंतरच्या काही दशकांत जमा झालेली विविध प्राण्यांविषयीची माहिती ही आजच्या तुलनेसाठी मोलाची आधाररेषा आहे. त्या काळातील समूहांत असलेली आणि आज नष्ट झालेली विविधता केवळ त्या नोंदींवरूनच कळू शकते.

अध्यापनाच्या दृष्टीने या पद्धतीचा आणखी एक लाभ आहे. महाविद्यालयात डीएनए-वाचनासाठी नमुने बाहेर पाठवावे लागतात आणि विद्यार्थ्याच्या हाती तयार अक्षरमाला येते. विकरांच्या जेलवर मात्र जनुक, प्रथिन, रासायनिक अभिक्रिया आणि समूहाचे गणित या चारही गोष्टी एकाच प्रयोगात एकत्र येतात. फळबाजारातून मिळणाऱ्या फळमाश्यांवर हा प्रयोग करता येतो. प्राण्यांचे विच्छेदन व प्रयोग टप्प्याटप्प्याने कमी करण्यासंबंधी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये मार्गदर्शक सूचना दिलेल्या आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खालील अनुसूचित प्राण्यांना तर हात लावता येत नाही. त्यामुळे प्रयोगासाठी प्राण्याची निवड विचारपूर्वकच केली पाहिजे. पॉलिॲक्रिलामाइड जेल वापरावयाचे असल्यास न गोठलेले ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेस घातक असते, ही सूचनाही विद्यार्थ्यांना आधी देणे आवश्यक आहे.

निष्कर्ष :

१. विकरांतील विविधतेमुळे जातीची प्रजननाधिष्ठित संकल्पना प्रथमच नैसर्गिक समूहांत मोठ्या प्रमाणावर तपासता आली.

२. एकाच ठिकाणच्या समूहांत मिश्र प्राण्यांचा अभाव हा अलगपणाचा भक्कम पुरावा असतो. विकरांत फरक न आढळणे हा एकत्वाचा पुरावा नसून त्यासाठी अन्य पुराव्याची जोड लागते.

३. हिवतापाचे डास व गीरचे सिंह यांची उदाहरणे दाखवितात की जातीची व वंशाची अचूक ओळख हा रोगनियंत्रण व संवर्धन यांचा पाया आहे.

४. आनुवंशिक अंतराचा एकच आकडा सर्व प्राण्यांना लावून जाती ठरविणे शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय नाही.

५. संशोधनात डीएनए-पद्धती अग्रेसर झाल्या असल्या तरी विकरांची पद्धत जुन्या माहितीच्या तुलनेसाठी आणि पदव्युत्तर अध्यापनासाठी आजही उपयुक्त आहे.

डीएनए-वाचनाने वरील मर्यादांपैकी पहिली बऱ्याच अंशी दूर केली आहे. उरलेल्या तीन मात्र नव्या पद्धतींनाही कमी-अधिक प्रमाणात लागू पडतात. अंतराचा आकडा, निवडीचा प्रभाव आणि भौगोलिक विभक्ती यांचा विचार न करता केवळ क्रमातील फरकावरून नव्या जाती घोषित करण्याचा मोह आजही होतो. विकरांच्या अभ्यासातून मिळालेली ही सावधगिरी विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचविणे हे प्राणिशास्त्राच्या अध्यापकाचे कर्तव्य होय.